डिशवॉशरची पावडर, गोळी, मीठ आणि बाकी सगळा गोंधळ: सारखे विचारले जाणारे प्रश्न

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मावशींचं येणं बंद झालं आणि तिसऱ्या आठवड्यात हाताची सालं निघायला लागली तेव्हा आम्ही मशीन बुक केलं. तेव्हापासून बिल्डिंगमधले, नात्यातले, ऑफिसमधले असे सगळे मला एकच विचारत असतात, की भांडी नीट का निघत नाहीत. दहापैकी आठ वेळा मशीन ठीकच असतं. पावडर चुकलेली असते, नाहीतर पाणी कसलं येतंय हे माहीत नसतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. प्रश्नांना नंबर दिलेत, मध्येमध्ये दुसऱ्या नंबरकडे पाठवलंय तिकडे जाऊन वाचा, तेच तेच परत लिहायचा कंटाळा येतो.

१. पावडर संपलीये, आजच्या दिवस विम लिक्विड किंवा प्रिल दोन थेंब टाकलं तर चालेल ना?

नाही. दोन थेंब पण नाही. हाताने भांडी घासायचं लिक्विड फेस व्हावा म्हणूनच बनवलेलं असतं आणि डिशवॉशरला फेस अजिबात चालत नाही, कारण आतला पंप पाणी जोरात फेकतो आणि त्या जोरावर भांडी निघतात, फेस झाला की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो आणि जोरच जातो. वर तो फेस दारातून बाहेर, किचनभर. कपड्यांची पावडरही नको, तिच्यातही फेस आणि शिवाय तो फुलांचा वास, आमटीला लॅव्हेंडरचा वास कोणाला हवाय.

संपली असेल तर एक दिवस हाताने घासा, किंवा नुसत्या गरम पाण्यावर चालवा, तुपकट नसलेली कपबशी-ग्लास बऱ्यापैकी निघतात.

२. वरचं आत्ता वाचलं, पण टाकून झालंय आणि फेस बाहेर येतोय. आता?

मशीन बंद करा, पाणी पार स्विचपर्यंत पसरलं असेल तर आधी मेन स्विच. दार उघडा, थोडा वेळ थांबा, फेस आपोआप बसतो. मग भांडी काढून मगाने आणि फडक्याने फेस उपसा, तळाशी मूठभर साधं मीठ भुरभुरवा (त्याने फेस मोडतो, हे मीठ नुसतं तळाला टाकायचंय, मिठाच्या टाकीत नाही, ती प्रश्न ७ मध्ये) आणि मग भांड्यांशिवाय नुसतं विसळायचा प्रोग्राम दोन-तीन वेळा चालवा. एवढं करूनही मशीन पाणी भरत नसेल किंवा पाणी गळल्याचा एरर दाखवत असेल तर खालच्या तबकात पाणी साचलेलं असतं, ते सुकेपर्यंत ते चालूच होत नाही. तो बिघाड नाही, सेफ्टी आहे.

आमच्याकडे हे एका पाहुण्यांनी मदत म्हणून केलं होतं. नाव लिहीत नाही, त्या हे वाचतात.

३. पावडर, जेल आणि गोळी यात फरक काय, कुठली घेऊ?

पावडर सगळ्यात स्वस्त आणि कमी-जास्त करता येते, म्हणून माझं मत पावडरला. आपल्याकडे एक दिवस नुसते चहाचे कप आणि पोळीची ताटं असतात आणि दुसऱ्या दिवशी मटणाचं पातेलं, दोन्हीला सारखीच गोळी कशाला.

गोळी सोयीची आहे, वेगळं काही मोजायचं नाही, पण महाग पडते आणि छोट्या प्रोग्रामला बऱ्याचदा पूर्ण विरघळत नाही.

जेल पटकन विरघळतं पण त्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. पावडर आणि गोळीमध्ये ऑक्सिजन सोडणारं ब्लीच असतं, चहाचे आणि हळदीचे डाग त्यानेच जातात. जेलमध्ये ते सहसा नसतं कारण ओल्यात ते टिकत नाही आणि सोबतच्या एन्झाइमनाही खराब करतं. त्यामुळे ज्या घरात दिवसाला आठ कप चहा होतो त्या घरात नुसतं जेल वापरलं की महिन्याभरात कपांना आतून तपकिरी कड येते आणि गाळणी काळी दिसायला लागते. घरात जेल पडूनच असेल तर आठवड्यातून एकदा-दोनदा पावडरवर चालवा.

४. पावडर नेमकी किती? पाकिटावर लिहिलंय ते कमी वाटतं.

कप्प्यात रेघा असतात, बऱ्याच मशीनमध्ये १५ आणि २५. रोजच्या भांड्यांना १५ ते २० पुरते, तेलकट असेल तर २५. झाकण लागत नाही इतकी भरायची नाही.

"कमी वाटतं" हे मला अगदी कळतं, कारण आपण लहानपणापासून फेस बघून ठरवलंय की साबण पुरला की नाही. इथे फेसच नाही. काम होतं ते गरम पाणी, वेळ आणि रसायन या तिघांमुळे. पावडरमधला धुण्याच्या सोड्यासारखा भाग तेल सोडवतो, एक एन्झाइम भात-डाळीचा स्टार्च तोडतं, दुसरं दूध-अंड्यातली प्रथिनं तोडतं, आणि ब्लीच डाग काढतं. पावडर दुप्पट केली म्हणून हे दुप्पट होत नाही. जास्तीची पावडर भांड्यावर पांढरी भुकटी होऊन बसते आणि पाणी हलकं असेल तर काचही खाते (प्रश्न १४ बघा).

भांडी निघत नसतील तर पावडर वाढवायच्या आधी बाकी गोष्टी बघा: तळाची गाळणीसारखी जाळी तुंबलीये का, पाणी फेकणारा फिरता पंखा एखाद्या उलथन्याला अडकतोय का, वाट्या एकात एक बसल्यात का. माझा अनुभव असा की पावडर वाढवून प्रश्न सुटलाय असं क्वचित झालं.

५. आमच्याकडे पाणी जड आहे की हलकं, कसं ओळखायचं? मुंबईत तर सगळीकडे सारखंच असेल ना?

अजिबात सारखं नाही, आणि हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

महापालिकेचं पाणी सात तलावांतून येतं, अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. हे साठवलेलं पावसाचंच पाणी, त्यामुळे त्यात क्षार कमी, म्हणजे हलकं. शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन शिकलो होतो त्यातलं सुफेन. पण तुमच्या नळाला जे येतं ते तलावातलं नसतं, सोसायटीच्या टाकीतलं असतं. आणि टाकीत काय काय पडतं ते सेक्रेटरीला विचारा. बऱ्याच सोसायट्यांत बोअरवेल आहे, नवीन टॉवरमध्ये तर अर्धं पाणी टँकरचं असतं. बोअरचं पाणी जमिनीतून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, तेच जड पाणी.

आणि गंमत म्हणजे हे वर्षभर सारखं राहत नाही. आमच्याकडे मशीन आलं तेव्हा टाकीत पालिकेचं पाणी भरपूर होतं, त्या हिशोबाने सेटिंग केलं, सगळं चकचकीत. मग पुढच्या उन्हाळ्यात पाणीकपात सुरू झाली, सोसायटीने टँकर लावले आणि पंधरा दिवसांत ग्लासांवर पांढरे ठिपके. मी पावडर बदलली, गोळी बदलली, सर्व्हिसवाल्याला बोलावलं, त्याने येऊन व्हिजिटचे पैसे घेतले आणि "पावडर चांगली वापरा" सांगून गेला. शेवटी वॉचमनने सांगितलं की रोज दोन टँकर पडतायत. मिठाचं सेटिंग वाढवलं (मीठ कशाला ते प्रश्न ७ मध्ये) आणि ठिपके गेले. तेव्हापासून मी एप्रिलमध्ये सेटिंग वर करतो आणि तलाव भरले, टँकर बंद झाले की खाली आणतो.

ओळखायची घरगुती पद्धत: पारदर्शक बाटली अर्धी भरून नळाचं पाणी घ्या, त्यात साध्या साबणाच्या वडीचा किस थोडासा टाका आणि जोरात हलवा. भरपूर फेस आणि खाली पाणी स्वच्छ म्हणजे हलकं. फेस कमी आणि पाणी गढूळ, दह्यासारखे कण म्हणजे जड. हँडवॉश किंवा भांड्याचं लिक्विड घेऊन ही टेस्ट करू नका, त्यांना जड पाण्यातही फेस येतो. नेमका आकडा हवा असेल तर हार्डनेसच्या पट्ट्या मिळतात, बुडवायची आणि रंग जुळवायचा.

आरओवाला टीडीएस मीटर दाखवतो तो आकडा यासाठी धरू नका. टीडीएसमध्ये सगळेच क्षार येतात, जडपणा फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमचा.

६. पट्टीवर पीपीएम आहे आणि मशीनच्या पुस्तकात डिग्री आहे, कसं जुळवू?

पुस्तकात बहुतेक वेळा जर्मन डिग्री असते, ते पाण्याच्या जडपणाचं माप, तापमानाचं नाही. पीपीएमला १७.८ ने भागा. म्हणजे पट्टीवर ३०० आलं तर साधारण १७ डिग्री. मग पुस्तकातला तक्ता बघून सेटिंग.

७. डिशवॉशरचं मीठ म्हणजे मीठच ना? मग घरातलं का नाही?

मीठच आहे, शुद्ध सोडियम क्लोराइड, फक्त जाड दाण्याचं. घरातल्या मिठात आयोडीन असतं आणि गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहीतरी घातलेलं असतं, शिवाय दाणा बारीक, त्याने टाकीत गाळ आणि गठ्ठा होतो. सैंधव किंवा बाजारातलं खडेमीठ तर त्याहून वाईट, त्यात माती आणि तेच क्षार असतात जे आपल्याला काढायचेत.

हे मीठ भांडी धुवत नाही, बरं का. मशीनच्या तळाशी एक रेझिन असतं ते पाण्यातलं कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि ते भरलं की मिठाच्या पाण्याने ते धुऊन परत कामाला लागतं. म्हणून मीठ संपलं की भांडी लगेच खराब निघत नाहीत, हळूहळू पांढरी व्हायला लागतात.

पहिल्यांदा भरताना टाकी आधी पाण्याने भरायची आणि मग मीठ, नंतर फक्त मीठ. आणि मीठ भरल्यावर लगेच मशीन चालवा, भांडी घालून चालवलं तरी चालेल, पण सांडलेलं मीठ रात्रभर तसंच राहिलं तर स्टीलचा तळ गंजतो.

८. मावशींनी मिठाच्या टाकीत पावडर भरली! आता?

मशीन चालू करू नका. पावडर रेझिनमध्ये गेली की ते बाद होऊ शकतं आणि तो खर्च मोठा आहे. जेवढी निघेल तेवढी चमच्याने-स्पंजने काढा, वाटल्यास साध्या पाण्याने वरच्यावर उपसा आणि सर्व्हिसला फोन करा, खरं काय झालं ते सांगा.

मावशींवर चिडू नका, दोन्ही पांढरं, दोन्ही डब्यात, आपणच लेबल लावलेलं नसतं. आमच्याकडे आता मिठाच्या डब्यावर मार्करने मोठ्ठं "मीठ, खाली" आणि पावडरवर "दारात" असं लिहिलंय.

९. आमच्याकडे शंभर टक्के पालिकेचं पाणी आहे. मग मीठ घालायचंच नाही?

पट्टी लावून बघितलं आणि खरंच हलकं निघालं तर मिठाचं सेटिंग शून्यावर किंवा सगळ्यात खाली ठेवा. त्या सेटिंगला मीठ लागत नाही किंवा अगदी कमी लागतं. काही जण "असू दे जास्त, नुकसान काय" म्हणून सेटिंग वर ठेवतात, तर नुकसान आहे, गरजेपेक्षा मऊ पाणी काचेला वाईट.

१०. पाकिटावर ऑल इन वन लिहिलंय, तरी मीठ आणि रिन्स एड वेगळं का विकत घ्यायचं? पैसे उकळायचे धंदे?

थोडं हो थोडं नाही. ऑल इन वन गोळीत पाणी मऊ करणारा आणि चमक आणणारा भाग थोडा असतो, आणि साधारण २१ जर्मन डिग्रीपर्यंत तेवढ्यावर भागतं असं पाकिटावर लिहिलेलं असतं. हलक्या पाण्यात खरंच भागतं. टँकर-बोअरच्या पाण्यात भागत नाही, तिथे मीठ घालाच. रिन्स एडचं मात्र मी सांगेन की गोळी असली तरी घाला, फरक डोळ्याला दिसतो.

११. रिन्स एड नक्की करतं काय? साबणच असतो का तो?

शेवटच्या विसळण्यात थोडंसं सुटतं आणि पाण्याचा थेंब धरून राहू देत नाही, पाणी पातळ पापुद्र्यासारखं घसरून जातं. म्हणून भांडी लवकर सुकतात आणि थेंबांचे ठिपके पडत नाहीत. मुंबईच्या दमट हवेत हे जास्तच लागतं, जुलैमध्ये दार उघडं ठेवूनही वाट्यांचे बूड ओले राहतात. ग्लासवर निळसर पट्टे किंवा चिकटपणा आला तर डोस कमी करा, थेंब राहत असतील तर वाढवा, मशीनमध्ये आकडे असतात. प्लास्टिकचे डबे मात्र काहीही घातलं तरी पूर्ण सुकत नाहीत, ते फडक्यानेच पुसायचे.

१२. गोळी कप्प्यात ठेवायची की सरळ खाली टाकली तर जास्त लवकर विरघळेल?

कप्प्यातच. मशीन आधी नुसत्या पाण्याने एक प्राथमिक धुणं करतं, ते पाणी सोडून देतं आणि मग खरं धुणं सुरू होताना कप्प्याचं झाकण उघडतं. गोळी खाली टाकली तर ती पहिल्याच पाण्यात विरघळून गटारात जाते आणि खऱ्या धुण्याला नुसतं पाणी. ज्या छोट्या प्रोग्राममध्ये प्राथमिक धुणं नसतं तिथे फरक पडत नाही, पण सवय कप्प्याचीच ठेवा.

गोळी अर्धवट राहते हा पुढचाच प्रश्न असतो म्हणून इथेच सांगतो. कप्पा ओला असताना गोळी ठेवली की वरचं आवरण चिकटतं. हातही कोरडे हवेत, आणि आवरण पाण्यात विरघळणारं असतं, ते फाडायचं नाही. अर्ध्या तासाच्या प्रोग्रामला गोळीला वेळच मिळत नाही, तिथे पावडर. आणि आपल्याकडचं खास कारण, जेवणाचं मोठं स्टीलचं ताट खालच्या रॅकमध्ये अगदी पुढे उभं केलं की ते कप्प्याच्या झाकणाला अडवतं, झाकण उघडतंच नाही. ताटं मागे, वाट्या पुढे.

१३. भांडी आधी विसळून घालायची का? सासूबाई म्हणतात खरकटं मशीनमध्ये कसं घालायचं.

खरकटं झटकून, भाताची शितं, कढीपत्ता, मिरचीची देठं, हाडं, लिंबाच्या बिया काढून घालायची. विसळायची नाहीत. एन्झाइमना काहीतरी चिकटायला लागतं, आणि आधीच धुतलेली भांडी परत धुवायला दहा लिटरच्या आसपास पाणी घालवण्यात काय अर्थ आहे. अपवाद दोन. दुधाचं पातेलं, ज्याच्या तळाला साय करपलीये, ते आधी पाणी घालून ठेवायचं आणि उलथन्याने खरवडायचं. आणि दुपारची भांडी रात्री लावणार असाल तर कणीक आणि पोह्यांची भांडी तेवढी विसळा, कारण वाळलेली कणीक सिमेंट असते.

सासूबाईंचा मुद्दा उष्ट्या-खरकट्याचा असेल तर तो पावडरने सुटणारा नाही, तिथे मी मध्ये पडत नाही.

१४. काचेचे ग्लास पांढुरके झालेत, कितीही धुतले तरी जात नाही. पावडर खराब आहे का?

आधी बघा की ते पांढरं वर बसलंय की काचेच्या आत गेलंय. एका ग्लासला अर्ध्या भागावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस चोळा आणि पाच मिनिटं थांबा.

पांढरं गेलं तर ते क्षार आहेत, म्हणजे पाणी जड. मिठाचं सेटिंग वाढवा, रिन्स एड वाढवा (प्रश्न ५ आणि ११).

गेलं नाही तर काच खाल्ली गेलीये, आणि ती परत येत नाही, कितीही काही करा. हे उलट हलक्या पाण्यात होतं: हलकं पाणी, त्यात पावडर जास्त, त्यात रोज ७० डिग्रीचा प्रोग्राम. म्हणजे पालिकेच्या पाण्यावर राहणाऱ्यांना हा धोका जास्त आणि ते नेमके "पांढरं दिसतंय" म्हणून पावडर वाढवतात. त्यांनी पावडर कमी करायला हवी आणि ग्लास कमी तापमानाच्या प्रोग्रामला लावायला हवेत. लग्नात आलेला चांगला सेट असेल तर तो हातानेच धुवा.

१५. कढईचं, फोडणीच्या भांड्याचं तेल निघत नाही. मशीन आपल्या जेवणासाठी नाहीच बहुतेक.

आहे, फक्त इको प्रोग्रामवर नाही. इको ५० डिग्रीच्या आसपास चालतं, खोबरेल-डालडा-तुपाच्या भांड्यांना ६५-७० लागतं. इंटेन्सिव्ह, किंवा काही मशीनवर सरळ कढई नावाचंच बटण असतं ते लावा. कढई खालच्या रॅकमध्ये, तोंड खाली, जरा तिरकी. पावडर २५ ची रेघ, आणि वर चमचाभर पावडर दाराच्या आतल्या बाजूला भुरभुरवा, ती पहिल्या पाण्यात काम करते. गोळी वापरत असाल तरी ही चमचाभर पावडर घाला.

कडेला वर्षानुवर्षं बसलेला काळा तेलकट थर मशीन काढणार नाही. तो आधी तारेच्या घासणीने एकदा काढा, नंतर परत बसत नाही.

ही सगळी चर्चा स्टीलच्या कढईची आहे. लोखंडी आणि ॲल्युमिनियमची प्रश्न १७ मध्ये.

१६. हळदीचा डाग जाण्याऐवजी लाल झाला!

घाबरू नका, हळद अल्कलीमध्ये लाल होतेच. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, तेच तुमच्या डब्यात झालं, पावडर अल्कलाइन असते. परत साध्या पाण्याने धुतलं की पिवळं होतं. स्टील-काचेवरची हळद पावडरमधल्या ब्लीचने जाते (जेलने नाही, प्रश्न ३). प्लास्टिकमध्ये मुरलेली मशीनने पूर्ण जात नाही, तो डबा दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. पांढरी सिलिकॉनची उलथनी पण तशीच.

१७. कुकर मशीनमधून काळाकुट्ट निघाला. परत नीट होईल का? अजून काय काय घालायचं नाही?

ॲल्युमिनियमचा असेल तर काळा होणारच, पावडरची अल्कली त्याच्यावरचा थर खाते. कुकरमध्ये पाणी आणि लिंबाच्या साली किंवा चिंच घालून वीस मिनिटं उकळा, बराच उजळतो. हार्ड अनोडाइज्डचा काळा-करडा थर मात्र मशीनमध्ये फिका आणि पांढुरका होत जातो आणि तो परत येत नाही. स्टीलचा कुकर बिनधास्त घाला, पण शिटी आणि गॅस्केट काढून हाताने धुवा, शिटीच्या भोकात पावडरचा कण अडकलेला मला आवडणार नाही.

लोखंडी तवा आणि बिडाची कढई नको, वर्षभर मुरवलेलं तेल एका फेरीत जाईल आणि गंज चढेल. पोळपाट-लाटणं नको, तडकतं. तांब्याचा तांब्या, पितळेचं घंगाळ, कल्हईची पातेली नको, पितळेला पितांबरी किंवा चिंच-मीठच. नॉनस्टिक जरी "मशीनला चालतं" लिहिलेलं असलं तरी मी घालत नाही.

चांदीची वाटी-चमचा घालायचाच असेल तर स्टीलला टेकता कामा नये, दोन धातू ओल्यात चिकटले की चांदीवर काळे डाग पडतात. देवाची चांदी तर हातानेच बरी.

१८. पावसाळ्यात पावडरचा दगड झाला. फेकून देऊ?

हातात चुरली जात असेल तर वापरा, न फुटणारा दगड झाला असेल तर ओल आत शिरलीये, ब्लीच आणि एन्झाइम दोन्ही मेलेले असणार. जूनच्या आधी हवाबंद डब्यात भरून ठेवा आणि सिंकखालच्या कपाटात ठेवू नका, घरातली सगळ्यात दमट जागा ती. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर घेऊ नका. गोळ्यांची पाकिटं पण चिमट्याने बंद करा, नाहीतर दहा गोळ्यांची एक गोळी होते.

१९. मध्येच पाणी गेलं किंवा लाइट गेली तर आत साबण राहील ना भांड्यांवर?

लाइट गेली तर बहुतेक मशीन आल्यावर तिथूनच पुढे जातात, काही करू नका, दार उघडू नका. पाणी गेलं तर नळाचं चिन्ह दाखवून थांबतं. टाकीत पाणी आल्यावर परत सुरू करा. किती धुणं झालं हे माहीत नसेल आणि कप्प्याचं झाकण उघडलेलं दिसत असेल तर नवी पावडर घालून पहिल्यापासून चालवा, निदान नुसतं विसळून तरी घ्या. अर्धवट धुतलेल्या भांड्यात जेवू नका, ही पावडर तोंडात जायची गोष्ट नाही.

ज्यांच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं त्यांनी दोन-तीन तासांचा प्रोग्राम पाणी जायच्या अर्धा तास आधी लावू नये, एवढंच.

२०. मुलाने गोळी तोंडात घातली तर?

तोंडातला उरलेला भाग काढा, तोंड पाण्याने धुवा, शुद्धीत असेल तर घोट-दोन घोट पाणी द्या. उलटी करवू नका, येताना परत घसा पोळतो. पाकीट सोबत घेऊन लगेच डॉक्टर. डोळ्यात गेलं तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटं धरा आणि मग डॉक्टर. गोळ्या रंगीत आणि चकचकीत असतात, मुलाला त्या चॉकलेटच वाटतात, म्हणून वरच्या कपाटात. आणि गोळी कप्प्यात ठेवून मशीनचं दार उघडं टाकून फोन घ्यायला जाऊ नका, दार रांगणाऱ्या मुलाच्या उंचीचं असतं.

२१. घरी पावडर बनवता येते म्हणे, धुण्याचा सोडा, खायचा सोडा, लिंबूसत्त्व.

बनवता येते, हलक्या पाण्यात आणि कमी तेलकट भांड्यांना चालून जाते. पण त्यात एन्झाइम नाहीत आणि जड पाण्यात धुण्याच्या सोड्याने पांढरा थर बसतो. सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र करून डब्यात ठेवलं की दमट हवेत ते एकमेकांना तिथेच संपवतात, फसफस डब्यातच होते. मी दोन महिने केलं आणि सोडलं.

रिन्स एडच्या जागी व्हिनेगर कायमचं भरू नका, रबराला बरं नाही. आणि ब्लिचिंग पावडर मशीनमध्ये कधीच नको, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाबरोबर तर मुळीच नाही, त्यातून विषारी क्लोरीन निघतो.

२२. मशीनला वास येतो. पावडर वापरतोच आहोत की रोज, मग मशीन आपोआप साफ नाही होत?

नाही होत. आठवड्यातून एकदा तळाची जाळी काढून नळाखाली जुन्या टूथब्रशने घासा, दाराच्या रबराच्या कडेने ओलं फडकं फिरवा, तिथे खालच्या बाजूला जी मेणचट घाण असते तिकडे पाणी पोचतच नाही. महिना-दोन महिन्यांनी भांड्यांशिवाय, पावडरशिवाय, कपभर लिंबूसत्त्व तळाला टाकून सगळ्यात गरम प्रोग्राम. पंख्याची भोकं टूथपिकने. जिरं-मोहरी तिथेच जाऊन बसते.

२३. गणपतीत पंचवीस माणसं जेवायला. सलग तीन वेळा मशीन लावलं तर पावडर दुप्पट करू का? आणि मोदकपात्र?

दुप्पट नाही, प्रत्येक फेरीला नेहमीचीच. त्या दिवशी अडचण पावडरची नसते, जाळीची असते. दर फेरीनंतर जाळी झटका, वरण-भाताने ती दोन फेऱ्यांत भरते. तुपाची पातेली आणि पंचामृताची भांडी एका फेरीत इंटेन्सिव्हला, ग्लास-वाट्या दुसऱ्या फेरीत. ताटं जास्त कोंबू नका, दोन ताटांमध्ये बोट गेलं पाहिजे. आदल्या दिवशी मीठ आणि रिन्स एड भरून ठेवा, म्हणजे आरतीच्या मध्ये लाल दिवा लागत नाही.

मोदकपात्र ॲल्युमिनियमचं असेल तर नको, प्रश्न १७ परत वाचा. स्टीलचं असेल तर चाळणी आडवी न ठेवता उभी लावा, उकड भोकांत वाळली असेल तर आधी भिजवून. केळीची पानं घेतलीत तर निम्मी भांडी वाचतात. चटणीच्या डागासाठी अजून कुठलं डिटर्जंट बनलेलं नाही, तेवढी वाटी हाताने घासा.